प्रयोगातून नेटवर्क शिकणे: एका पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: पदवीच्या परीक्षेत संगणक नेटवर्क या विषयात उत्तम गुण मिळाले, नेटवर्कच्या रचनेचे सातही स्तर आणि त्यांची कामे तोंडपाठ आहेत, परंतु वसतिगृहातले इंटरनेट रात्री का रेंगाळते हे सांगता येत नाही. आता एम.टेक.ला प्रयोगांवर आधारलेला अभ्यासक्रम निवडावा की सिद्धान्तावर भर देणारा, आणि विभागाकडे राउटर-स्विचची प्रयोगशाळाच नसेल तर प्रयोगांचा उपयोग कितपत होईल, असे तुम्ही विचारले आहे. बरीच वर्षे नेटवर्क चालवण्याचे काम केल्यावर आणि नव्याने रुजू होणाऱ्या अभियंत्यांना शिकवल्यावर माझे उत्तर असे आहे की प्रयोगांचा अभ्यासक्रम निवडा, मात्र प्रत्येक प्रयोग सुरू करण्यापूर्वी त्यात काय दिसेल याचा आकडा वहीत लिहून ठेवण्याची शिस्त स्वतःला लावून घ्या. ही शिस्त नसेल तर प्रयोगशाळेत आज्ञा टाइप करण्यापलीकडे फारसे हाती लागत नाही. लिहिलेला आकडा आणि मोजलेला आकडा यांत जे अंतर पडते, ते का पडले याचा शोध घेताना खरे शिक्षण होते, आणि पुढे जे लिहिले आहे ते सर्व याच एका गोष्टीच्या आधाराने लिहिले आहे.

आधी उपकरणांची अडचण दूर करू, कारण ती वाटते तेवढी मोठी नाही. बॉब लँट्झ, ब्रँडन हेलर आणि निक मॅक्युन यांनी २०१० साली मिनिनेट हे साधन मांडले आणि एका लॅपटॉपवर संपूर्ण नेटवर्क उभे करणे विद्यार्थ्यांच्या आवाक्यात आले. लिनक्सच्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात) नेटवर्क नेमस्पेस नावाची सोय आहे. प्रत्येक नेमस्पेसला स्वतःचे इंटरफेस, स्वतःचे राउटिंग टेबल आणि स्वतःचे एआरपी टेबल (कोणता आयपी पत्ता कोणत्या कार्डाचा याची यादी) मिळते. अशा नेमस्पेस आभासी केबलने जोडल्या आणि मध्ये सॉफ्टवेअर स्विच ठेवला की काही क्षणांत डझनभर यंत्रांचे नेटवर्क तयार होते. यातला टीसीपी (माहिती पॅकेट नावाच्या तुकड्यांत पाठवून ती पूर्ण आणि क्रमाने पोहोचवणारा नियमसंच) तुमच्या कर्नलमधला खराखुरा टीसीपी असतो आणि पॅकेटही खरी असतात. मर्यादा एवढीच की ही सर्व यंत्रे एकाच प्रोसेसरवर वेळ वाटून घेतात, त्यामुळे दहा गिगाबिटच्या वीस लिंक मांडून मिळालेले आकडे प्रत्यक्षात प्रोसेसरच्या दमाचे असतात. लिंकचा वेग शंभर मेगाबिटच्या आत ठेवा, प्रोसेसर किती व्यग्र आहे याची नोंद प्रत्येक मोजमापासोबत करा, म्हणजे निकालांवर विसंबता येईल.

पहिला प्रयोग बफरब्लोटचा, म्हणजे राउटरमधली पॅकेटांच्या रांगेची जागा (बफर) फाजील मोठी असल्याने होणाऱ्या विलंबाचा, करावा असे मी प्रत्येकाला सांगतो, कारण तुमच्या वसतिगृहाच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यातच आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सीएस२४४ या पदव्युत्तर अभ्यासक्रमात या धर्तीचा प्रयोग विद्यार्थ्यांकडून करून घेतला गेला आहे. मांडणी साधी आहे: एका बाजूला जलद सर्व्हर, दुसऱ्या बाजूला घरातला संगणक, मध्ये राउटर आणि राउटरपासून घरापर्यंतची लिंक केवळ दीड मेगाबिट प्रति सेकंद. रिकाम्या नेटवर्कवर जाऊन-येऊन लागणारा वेळ २० मिलिसेकंद ठेवा आणि राउटरच्या बफरमध्ये १०० पॅकेट मावतील असे करा. आता मोजमाप सुरू करण्यापूर्वी वही उघडा. १५०० बाइटचे एक पॅकेट म्हणजे १२,००० बिट, अशी १०० पॅकेट म्हणजे १२ लाख बिट, आणि दीड मेगाबिटच्या लिंकवरून ते बाहेर पडायला ०.८ सेकंद लागणार. म्हणजे एखादी मोठी फाइल उतरत असताना बफर भरला, तर पिंगचा (छोटा संदेश पाठवून उत्तर येईपर्यंतचा) वेळ २० मिलिसेकंदांवरून सुमारे ८२० मिलिसेकंदांवर जायला हवा. प्रयोग चालवा आणि बघा. काही सेकंदांतच आकडा तिथे पोहोचतो.

या प्रयोगातले मर्म पुढे आहे. फाइल उतरवण्याचा वेग मोजला तर तो पूर्ण दीड मेगाबिट दिसतो, पॅकेट फारशी गळत नाहीत, आणि तरीही शेजारी उघडलेले वेबपान येता येत नाही. डीएनएसची (नावावरून पत्ता शोधण्याची) एक फेरी, टीसीपीच्या हँडशेकची (जोडणी सुरू करण्याची) एक, टीएलएसची (जोडणी कूटबद्ध करण्याची) एक आणि प्रत्यक्ष मागणीची एक अशा किमान चार फेऱ्या धरल्या, तर पानाचे पहिले अक्षर दिसण्यापूर्वीच तीन सेकंदांहून अधिक काळ जातो. वेग मोजणारी संकेतस्थळे ‘सर्व ठीक’ सांगत असताना वापरणारा माणूस वैतागलेला असतो, त्याचे कारण हे. आता बफर १०० ऐवजी २० पॅकेटांचा करा. रांगेतला विलंब ०.१६ सेकंदांवर येतो आणि फाइलचा वेग जवळपास तेवढाच राहतो. असे का, याचे उत्तरही गणितात आहे: दीड मेगाबिट गुणिले २० मिलिसेकंद म्हणजे ३०,००० बिट, म्हणजे जेमतेम अडीच पॅकेट. ही लिंक सतत भरलेली ठेवायला तेवढीच पॅकेट प्रवासात असणे पुरेसे आहे; त्यावरची प्रत्येक पॅकेट केवळ रांगेत उभी राहते आणि मागच्यांचा वेळ खाते.

यानंतर राउटरवर कोडेलवर आधारलेली एफक्यू-कोडेल ही रांग-पद्धत लावून पाहा. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ साली मांडलेल्या कोडेलमध्ये रांगेच्या लांबीऐवजी पॅकेटने रांगेत किती वेळ काढला हे पाहिले जाते, आणि तो वेळ १०० मिलिसेकंदांच्या अवधीत सतत ५ मिलिसेकंदांहून अधिक राहिला तर पॅकेट टाकून देणे सुरू होते. इथे थांबून विचार करा: दीड मेगाबिटच्या लिंकवर एकच पॅकेट बाहेर पडायला ८ मिलिसेकंद लागतात, मग ५ मिलिसेकंदांचे लक्ष्य कसे गाठणार? इतक्या संथ लिंकवर ते लक्ष्य वाढवावे लागते. हे वाक्य मी तुम्हाला सांगितले म्हणून लक्षात राहील की नाही याची मला खात्री नाही. स्वतः भागाकार करताना अडखळलात तर मात्र ते कायमचे लक्षात राहील.

प्रयोग मांडताना दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली अशी की कृत्रिम विलंब आणि गळती घालणारे नेटएम हे साधन पाठवणाऱ्या यंत्रावरच लावू नये. लिनक्सचा टीसीपी आपल्याच यंत्रावरच्या रांगेकडे लक्ष ठेवून वागतो, त्यामुळे तिथे विलंब घातला तर त्याची वागणूक बदलते आणि तुम्ही मोजता ते भलतेच काहीतरी असते. विलंबासाठी मध्ये एक वेगळे यंत्र ठेवावे. दुसरी गोष्ट टीसीपीडम्प किंवा वायरशार्क ही पॅकेट पकडून दाखवणारी साधने पहिल्यांदा उघडणाऱ्या बहुतेकांना कोड्यात टाकते: लिंकची कमाल मर्यादा १५०० बाइट असताना पकडलेली पॅकेट दहा-वीस हजार बाइटांची दिसतात. कर्नल मोठा तुकडा एकत्र खाली देतो आणि त्याचे छोटे तुकडे (सेगमेंट) करण्याचे काम नेटवर्क कार्डावर किंवा अगदी शेवटच्या टप्प्यावर सोपवतो; पकड मात्र त्याआधीच होते. शिकत असताना ही सोय इंटरफेसवर बंद करून ठेवावी, म्हणजे तारेवरून जाते तेच पडद्यावर दिसते.

दुसरा टप्पा टीसीपी स्वतः लिहिण्याचा. यासाठी स्टॅनफर्डच्याच सीएस१४४ या अभ्यासक्रमाचा साचा मला सर्वांत चांगला वाटतो, आणि त्याचे स्वाध्याय सर्वांना वाचायला खुले आहेत. त्यात विद्यार्थी सी-प्लस-प्लसमध्ये एकेक भाग रचत जातो: आधी बाइटांचा साधा प्रवाह, मग उलटसुलट क्रमाने आलेले तुकडे जुळवणारा भाग, त्यानंतर घेणारा, पाठवणारा, पुढे एआरपी करणारा इंटरफेस आणि शेवटी सर्वांत लांब जुळणारा प्रिफिक्स (पत्त्याचा आरंभीचा भाग) शोधणारा राउटर. यातला तुकडे जुळवणारा भाग दिसायला किरकोळ आहे, पण एकमेकांवर चढलेले, दोनदा आलेले आणि बफरच्या मर्यादेबाहेर जाणारे तुकडे हाताळताना भल्याभल्यांचा कस लागतो. बाइटांना दिलेले क्रमांक ३२ बिटांचे असतात आणि सुरुवात शून्यापासून होत नाही, म्हणून ते मध्येच शून्यावर परततात. एक गिगाबिटच्या लिंकवर हा फेरा साधारण ३४ सेकंदांत पूर्ण होतो आणि दहा गिगाबिटवर साडेतीन सेकंदांच्या आत. मग जुने, वाटेत रेंगाळलेले पॅकेट नव्या फेऱ्यातले समजले जाऊ नये म्हणून टीसीपीमध्ये टाइमस्टँप का आला, हे आपोआप उलगडते. टीसीपीचे मूळ तपशील सप्टेंबर १९८१ च्या आरएफसी ७९३ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे क्रमांकित दस्तऐवज) आहेत आणि ऑगस्ट २०२२ मध्ये आरएफसी ९२९३ ने ते एकत्रित करून अद्ययावत केले. पाठ्यपुस्तकातला टीसीपीवरचा धडा वाचण्यासोबत हा दस्तऐवज समोर ठेवून कोड लिहावा. तो वाचण्याची सवय तुम्हाला नोकरीत प्रत्येक महिन्याला उपयोगी पडेल.

आपला टीसीपी चालू लागला की विंडोचा प्रश्न हाती घ्या. टीसीपीच्या हेडरमध्ये विंडोसाठी १६ बिटच आहेत, म्हणजे पोच मिळण्यापूर्वी जास्तीत जास्त ६५,५३५ बाइट प्रवासात राहू शकतात. मुंबईहून लंडनला जाऊन-येऊन १२० मिलिसेकंद लागतात असे धरले, तर लिंक शंभर मेगाबिटची असली तरी एका जोडणीतून सुमारे ४.४ मेगाबिटच मिळतील. ही मर्यादा दूर करण्यासाठी विंडो स्केल हा पर्याय आहे, आणि त्याचा गुणक केवळ जोडणीच्या आरंभी होणाऱ्या हँडशेकमध्ये सांगितला जातो. त्यामुळे जोडणी सुरू झाल्यानंतर पॅकेट पकडायला बसलात तर खरी विंडो किती आहे हे वायरशार्कलाही ठरवता येत नाही. तक्रार आली की आधी चालू जोडणी पकडण्याऐवजी नवी जोडणी करायला लावून ती पहिल्या पॅकेटपासून पकडावी, ही कामावरची सवय याच कारणाने लागते.

त्यालाच जोडून गळतीचा प्रयोग करावा. जुन्या रेनो पद्धतीच्या टीसीपीसाठी मॅथिस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली एक सुटसुटीत सूत्र दिले: सेगमेंटचा आकार भागिले फेरीचा वेळ, गुणिले सुमारे १.२२, भागिले गळतीच्या प्रमाणाचे वर्गमूळ. १४६० बाइटचा सेगमेंट, १२० मिलिसेकंदांची फेरी आणि दहा हजारांत एक पॅकेट गळते असे धरले तर उत्तर १२ मेगाबिटच्या आसपास येते. शंभरात एक गळू लागले की तेच १.२ मेगाबिटवर उतरते. गर्दी पाहून वेग ठरवण्याच्या पद्धतींपैकी लिनक्समध्ये मूळ निवड क्यूबिकची असते, म्हणून आधी रेनो निवडून सूत्र तपासा, मग क्यूबिक आणि बीबीआर लावून त्याच गळतीत काय होते ते पाहा. तिन्हींचे आलेख एकाखाली एक ठेवले की ‘गर्दी नियंत्रण’ या प्रकरणातली अर्धी पाने समजतात. हे प्रकरण मुळात लिहिले का गेले, हेही जाणून घ्या: ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ यांच्यामधल्या, जेमतेम ४०० यार्ड अंतरावरच्या जोडणीचा वेग ३२ किलोबिटवरून ४० बिट प्रति सेकंद इतका कोसळला होता, आणि त्याचा माग काढतानाच व्हॅन जेकबसन यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेले उपाय पुढे आले. आज जगभर चालणारा सिद्धान्त एका बिघाडाच्या मोजमापातून जन्माला आला आहे, आणि म्हणून तो मोजमापातूनच सर्वांत नीट कळतो.

नोकरीत सर्वाधिक वेळा भेटलेला एक बिघाड तुम्ही प्रयोगशाळेत मुद्दाम घडवावा असे मला मनापासून वाटते. एका संस्थेच्या नव्या शाखेतून मुख्य कार्यालयाशी जोडणी होत होती, लॉगिनही होत होते, पण मोठा अहवाल उघडला की पडदा गोठत होता. पिंग चालू, डीएनएस चालू, पोर्ट उघडे. म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या विभागाकडे बोट दाखवत होता. कारण असे होते की मधल्या टनेलमुळे (प्रत्येक पॅकेट दुसऱ्या पॅकेटात गुंडाळून नेणाऱ्या जोडणीमुळे) वाटेतली कमाल पॅकेट-मर्यादा १५०० बाइटांहून कमी झाली होती. मोठे पॅकेट आले की मधला राउटर ते टाकून देई आणि ‘तुकडे करणे आवश्यक’ असा आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणी कळवणारा) संदेश पाठवी, परंतु सुरक्षेच्या नावाखाली फायरवॉलवर पिंग सोडून बाकीचे सर्व आयसीएमपी अडवलेले होते. पाठवणाऱ्याला काहीच कळत नसल्यामुळे तो तेच मोठे पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राही. लॉगिनची छोटी पॅकेट मात्र सुखरूप पोहोचत. मिनिनेटवर एका ओळीत चार यंत्रे (दोन टोकांची, दोन मधले राउटर) मांडा, मधल्या लिंकची मर्यादा दोन्ही टोकांना १४०० करा, आयसीएमपी अडवा आणि दोन्ही बाजूंना पकड लावा. एका बाजूला तेच सेगमेंट वाढत्या अंतराने पुन्हा जाताना दिसेल आणि दुसऱ्या बाजूला शांतता दिसेल. मग तो एक आयसीएमपी संदेश मोकळा करून पाहा, आणि नंतर पुन्हा अडवून हँडशेकमध्येच सेगमेंटचा आकार कमी करून पाहा. दोन्ही उपायांनी अहवाल उघडतो, पण पहिला रोगावर आहे आणि दुसरा लक्षणावर; शिवाय दुसरा केवळ टीसीपीला लागू पडतो.

आंतर-नेटवर्क राउटिंगसाठी झुरिकच्या ईटीएच या संस्थेने रचलेला ‘मिनी-इंटरनेट’ हा उपक्रम आदर्श आहे. त्यात विद्यार्थ्यांच्या प्रत्येक गटाला एक स्वायत्त नेटवर्क मिळते, आत ओएसपीएफ आणि बाहेर बीजीपी हे पॅकेटांच्या वाटा ठरवणारे प्रोटोकॉल चालवावे लागतात, आणि संपूर्ण वर्गाचे इंटरनेट तेव्हाच चालते जेव्हा शेजारच्या गटाशी ठरवलेले वाहतुकीचे धोरण दोन्ही बाजू नीट अमलात आणतात. याचा संच खुला असून कंटेनरांवर चालतो, म्हणून एखाद्या उत्साही अध्यापकाला तो आपल्या विभागात उभारता येईल. एकट्याने करायचे असेल तर २४ फेब्रुवारी २००८ ची घटना चार राउटरांवर पुन्हा घडवा. त्या दिवशी पाकिस्तान टेलिकॉमने देशांतर्गत बंदीसाठी यूट्यूबच्या पत्त्यांच्या /२२ पट्ट्यातला एक /२४ तुकडा (आकडा जितका मोठा तितका पट्टा लहान) स्वतःचा म्हणून जाहीर केला, तो त्यांच्या वरच्या पुरवठादारामार्फत जगभर पसरला आणि जास्त नेमका प्रिफिक्स जिंकतो या नियमाने यूट्यूबची वाहतूक तिकडे वळली. यूट्यूबने आधी तोच /२४ आणि मग त्याचे दोन /२५ जाहीर केले. पहिल्या पावलाने काही वाहतूकच का परत आली, आणि अनेक नेटवर्क /२४ हून लांब प्रिफिक्स स्वीकारत नसताना दुसऱ्याचा परिणाम कुठपर्यंत पोहोचेल, हे चालवण्यापूर्वी कागदावर लिहा. या प्रयोगानंतर आरपीकेआय (कोणता पट्टा जाहीर करण्याचा अधिकार कोणाला, हे डिजिटल सहीने सिद्ध करणारी व्यवस्था) कशासाठी आहे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

अभ्यासक्रम पदव्युत्तर पातळीचा आहे हे ज्या भागावरून ओळखावे, तो भाग म्हणजे प्रसिद्ध संशोधनातला एक निकाल स्वतः पुन्हा मिळवणे. सीएस२४४ मध्ये २०१२ पासून विद्यार्थ्यांनी लहान गटांत हे काम केले आहे, आणि तिथे अनेकांनी मिनिनेटच वापरले. निबंध निवडताना एकच आलेख निवडावा. ॲपेनझेलर, केस्लासी आणि मॅक्युन यांचा राउटरच्या बफरवरचा २००४ चा निबंध यासाठी मला विशेष आवडतो, कारण त्याचा दावा एका ओळीत मांडता येतो: एका लिंकवर परस्परांपासून स्वतंत्र वागणारे अनेक प्रवाह असतील तर वेग आणि फेरीचा वेळ यांच्या गुणाकाराइतका बफर लागत नाही, तो गुणाकार प्रवाहांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागला तरी चालतो. दहा हजार प्रवाहांना शंभरावा हिस्सा पुरेसा. तुमच्या लॅपटॉपवर काहीशे प्रवाह चालवून ही वक्ररेषा येते का पाहा. ती आली नाही तर प्रवाह एकाच तालात वर-खाली होत आहेत का, प्रोसेसर थकला आहे का, मोजमापाचा कालावधी अपुरा आहे का, हे एकेक करून तपासावे लागते. संशोधनाची पद्धत माणूस या तपासणीतच शिकतो. मूळ लेखकांना नेमका, नम्र प्रश्न पाठवण्यातही संकोच करू नका.

सिद्धान्ताचे महत्त्व यात कमी होत नाही. रांगांचा सिद्धान्त, संभाव्यता आणि आलेख-सिद्धान्त यांशिवाय वहीत लिहायला आकडाच मिळणार नाही. म्हणून दोन्ही अभ्यासक्रम घेता येत असतील तर सिद्धान्ताचा त्याच सत्रात किंवा लगेच पुढच्या सत्रात घ्यावा.

निवड करण्यापूर्वी एक काम अवश्य करा. गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांकडून प्रयोगांच्या पुस्तिका मागून घ्या. त्यांत प्रत्येक प्रयोगात आज्ञा आणि अपेक्षित उत्तराचे चित्र एवढेच छापलेले असेल, किंवा संपूर्ण सत्र एखाद्या कंपनीच्या उपकरणांची रचना शिकण्यात जात असेल, तर ‘प्रयोगांवर आधारित’ या नावाला भुलू नका. त्याऐवजी सिद्धान्ताचा अभ्यासक्रम घ्या आणि सीएस१४४ चे स्वाध्याय एखाद्या सोबत्याबरोबर स्वतः करा, आठवड्याला आठ-दहा तास राखून ठेवून. पुस्तिकेत कोड लिहायचा असेल, मोजमाप करायचे असेल आणि निकालाचे कारण लेखी मांडायचे असेल, तर तो अभ्यासक्रम निःसंकोच निवडा, मग विभागाकडे एकही राउटर नसला तरी हरकत नाही. वसतिगृहाच्या प्रश्नासाठी तर सत्र सुरू होण्याची वाट पाहण्याचीही गरज नाही: आज रात्री गर्दीच्या वेळी आणि पुन्हा पहाटे, मोठी फाइल उतरवत असताना आणि नसताना, पिंगचे वेळ नोंदवा, आणि त्या चार आकड्यांवरून रांग तुमच्या खोलीतल्या राउटरमध्ये साचते आहे की वसतिगृहाच्या बाहेर जाणाऱ्या सामाईक लिंकवर, याचा निष्कर्ष लिहून काढा.